सुभेदारांची रसवंती

"भाड्याचं मागनं बोलू. आधी सांग, कापडं कशी धुतीस?"

विश्रामबागेत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव काय, गाव कुठलं, लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, घरमालकांच्या ठेवणीतल्या या प्रश्नांपैकी एकही नाही. मी साताऱ्याची, सांगलीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतीच लागलेली. खोल्या बघून बघून पाय दुखायला लागले होते, त्यामुळे विचार न करता खरं बोलून गेले.

"भिजवते, घासते, नळाखाली धरते."

"नळाखाली धरती!" म्हातारबुवा कपाळाला हात लावून आत वळले. "ऐकलंस का? हीबी तुझ्यातलीच निघाली."

आतून बाईंचा खणखणीत आवाज आला, "मग द्या की तिला खोली."

अशी मला खोली मिळाली. जिना चढून वर जायच्या आधी मात्र त्यांनी मला परसात नेलं आणि एक वस्तू दाखवली. लोखंडी चौकट, तिच्यात एकावर एक बसवलेली दोन जाडजूड रबरी लाटणी, वर दाब कमीजास्त करायचा स्क्रू आणि बाजूला फिरवायचं हँडल. ओला कपडा दोन लाटण्यांमध्ये सरकवायचा, हँडल फिरवायचं, पलीकडून तो पापडासारखा चपटा आणि जवळजवळ कोरडा होऊन बाहेर येतो. पिळून निघालेलं पाणी खाली बादलीत.

"ह्यो रोलर," ते म्हणाले. "पल्टनीतला हाय. पिळायला दुसरा माणूस लागत न्हाई. एकटा गडी वाकळसुद्धा पिळतो."

"रसवंती हाय ती," आतून पुन्हा आवाज. "आलं-लिंबू घाला म्हनावं."

घर दोघांचंच होतं. काका फौजेतून निवृत्त झालेले, म्हणून गल्ली त्यांना सुभेदार म्हणायची. मी त्यांना काका म्हणायला लागले. बाईंना काकू म्हणायला गेले, तर त्यांनी माझ्या आईचं माहेर विचारलं, ते त्यांच्या माहेरापासून जवळ निघालं, आणि तिथल्या तिथे त्यांनी स्वतःला माझी मावशी करून टाकलं. नवरा काका आणि बायको मावशी, हे गणित गल्लीत कुणालाच खटकलं नाही. त्या घरात बाकीही काही जुळत नव्हतंच.

काका कवठे महांकाळकडचे. मावशी पलूसकडच्या, कृष्णाकाठच्या. त्या दोघांच्या अख्ख्या संसाराची गोष्ट या दोन वाक्यांत आली. काकांच्या लहानपणी त्यांच्या गावात पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारी एक चकाकी. त्यांची आई धुण्याचे कपडे जमिनीवर पसरायची आणि त्यांच्यावर पोरांना उभं करून आंघोळ घालायची. आंघोळही व्हायची, कपडेही भिजायचे, पोरं नाचली की धुतलेही जायचे. मावशींच्या घराच्या मागच्या दारातून घाटाच्या पायऱ्या सुरू व्हायच्या. धुणं घेऊन उतरायचं, कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, लुगडं सोडायचं आणि नदीनेच ते हिसळून द्यायचं. अशा दोन माणसांची लग्नं जुळवताना पत्रिका कशाला बघतात, कोण जाणे.

काकांचं धुणं तीन टबांत चालायचं. पहिल्यात साबण, दुसऱ्यात हिसळणं, तिसऱ्यात शेवटचं स्वच्छ पाणी. आजचं तिसऱ्या टबातलं पाणी उद्या दुसऱ्यात जायचं, दुसऱ्यातलं पहिल्यात, आणि पहिल्यातलं पार काळं होऊन निवृत्त व्हायला आलं की त्याने स्कूटर धुवायची, मग अंगण, मग उरलंसुरलं संडासात. "पाण्याला पेन्शन न्हाई," ते म्हणायचे. "मरंस्तवर ड्यूटी." रोलरखालच्या बादलीतलं पाणी त्यातल्या त्यात उच्च कुळातलं. ते लिंबाच्या झाडाला मिळायचं. त्या झाडाची लिंबं मी खूप खाल्ली. सरबताला साबणाचा वास येतो, असं मावशी दर उन्हाळ्यात सांगायच्या. मला कधी आला नाही.

मावशींना हे सगळं बघवायचं नाही. "वाहत्या पाण्यातनं गेल्याबिगर कापड धुतलं असं म्हनूच नये," हा त्यांचा सिद्धांत. त्यांनी पाण्याचा नळ मोकळा सोडायचा, काकांनी येऊन तो बंद करायचा, त्यांनी पुन्हा सोडायचा, असा सकाळचा कार्यक्रम. म्हणून घरात धुण्याच्या वाटण्या झालेल्या होत्या. काकांचे कपडे काका धुणार, मावशींचे मावशी. वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा वेगळ्या. काकांच्या तारेवर सगळे सदरे एका तोंडाने, एका अंतरावर, परेडला उभे. मावशींच्या दोरीवर लुगडी अशी सोडलेली की वारा आला की अर्धी लिंबावर.

मला दोन्ही पक्षांनी आपल्याकडे ओढलं. दिवसाआड एकाच्या पद्धतीने धुवायचं, असा मी समझोता काढला. काकांच्या पाळीच्या दिवशी रोलरचं शिक्षण. बटणं आत दुमडून घालायची, नाहीतर लाटण्यांत तुटून उडतात. मी विसरायचे. बटण टणकन उडालं की काका शांतपणे अंगणभर शोधून ते एका काचेच्या बरणीत टाकायचे, आणि संध्याकाळी चष्मा लावून माझ्या कुर्त्याला पुन्हा लावूनही द्यायचे, फौजी टाका, परत तुटायची बिशाद नाही. एकदा माझ्या सलवारीची नाडी त्या लाटण्यांनी गिळली. ती काढायला स्क्रू सोडवून सगळं यंत्र उघडावं लागलं. मावशी पायरीवर बसून गहू निवडत होत्या. "रसवंतीत चिपाड अडाकलं व्हय?" त्यांनी विचारलं. काका नाडी सोडवत राहिले. त्यांचा उजवा खांदा नोकरीत कधीतरी निखळला होता आणि नीट बसला नव्हता, त्यामुळे ते रोलरचं हँडल डाव्या हाताने फिरवायचे. खोलायची-जोडायची कामंही डाव्यानेच. दुखतं का, असं विचारलं की "फालतू बात नही" असं हिंदीत सांगायचे. खाजगी गोष्टी ते हिंदीतच नाकारत.

मुलगा पुण्याला. त्याने एका दिवाळीला आईवडलांसाठी वॉशिंग मशीन पाठवलं, पूर्ण ऑटोमॅटिक, गाणं वाजवून धुणं संपल्याचं सांगणारं. काकांनी त्याच्यासमोर स्टूल टाकलं आणि पाणी सोडायच्या नळीला बादली लावून बसले. बादली भरली. दुसरी लावली. तीही भरली. तिसरी भरायला लागली तेव्हा ते उठले आणि मुलाला फोन लावला. "तुझं यंत्र दारुड्यागत पितंय रं. आन् पिऊन परत गाणं म्हनतंय." मावशींनाही ते पसंत पडलं नाही, पण उलट्या कारणाने. "एवढ्याशा पिंपात कोंडून पाणी फिरवायचं, त्यात काय धुनार?" त्या एका गोष्टीवर नवराबायकोचं एकमत झालं. मशीनला भरतकामाचं झाकण शिवण्यात आलं आणि वर लोणच्याच्या बरण्या बसल्या.

वर्षातला एक दिवस मात्र निखळ मावशींचा. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढतात. त्याला दसरा काढणं म्हणतात. घरात एकही वापरलेली वाकळ न धुता राहिली, तर देव बसवायचे कुठल्या तोंडाने? गल्लीत हळदीचा व्यापार करणारं एक जैन कुटुंब होतं. त्यांचा टेम्पो मावशी सांगून ठेवायच्या, त्यात घरच्या वाकळा, शेजारणींच्या वाकळा, शेजारणी आणि भाकरीचं गाठोडं घालायच्या, आणि थेट माहेरच्या घाटावर. एकदा मीही गेले. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, कोरडी असताना मायाळू आणि भिजली की म्हशीएवढी जड. मावशींची सगळ्यात लाडकी वाकळ त्यांच्या आईच्या हिरव्या इरकली लुगड्याची होती. पाठीमागून मात्र तिला काकांच्या जुन्या फौजी सदऱ्यांचं खाकी अस्तर.

पिळायचं कसं, ते मला मावशींनीच शिकवलं. दोघींनी दोन टोकं धरायची, तोंडं समोरासमोर. "आपापल्या उजवीकडं पिळायचं. दोघींनी. एक उजवी आन् एक डावी झाली, की वाकळ नुसती फिरती. पाणी पडत न्हाई." मी उजवीकडे पिळलं, त्यांनी उजवीकडे पिळलं, मधली वाकळ दोरखंडासारखी आवळली आणि पायऱ्यांवर पाण्याचा लोट आला. मावशी हसल्या. नदीत उभ्या असताना त्या एकदम माहेरवाशीण दिसायच्या.

काका कधीही घाटावर आले नव्हते. "एवढं पाणी बघवत न्हाई," एवढंच म्हणायचे. त्या दिवशी ते घर राखायचे, पिठलं करायचे, आणि बायका परत आल्या की प्रत्येक वाकळ चिमटीत धरून बघायचे. "निम्मी नदी घिऊन आलीया." मग मावशी जे सुरू व्हायच्या ते वाकळा वाळेपर्यंत. पण दमून आलेल्या बायकोच्या पायांवर ओतायला चुलीवर पाणी तापलेलं असायचं, आणि ते ताजं असायचं. दुसऱ्या टबातलं नाही.

मग मावशींचा गुडघा गेला. डॉक्टरांनी तो बदलून नवा बसवला. ऑपरेशन छान झालं, मावशी काठी धरून चालायला लागल्या, डॉक्टर खूश, मुलगा खूश. खाली बसायचं नाही, पायऱ्या जपून, एवढंच पथ्य. त्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून असायच्या. समोर काका टबांतून पाणी बदलायचे, आणि मावशी ते नुसतं बघायच्या.

घट बसायला आठवडा राहिला असेल. काका जिना चढून माझ्या दारात आले. भाडेकरणीच्या खोलीत यायचं नाही हा त्यांचा नियम होता, त्यामुळे उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"पोरी, ती भांडंना झालीया."

"मग बरंच आहे की, काका."

"काय बरं हाय?" ते एकदम चिडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज इचारलं, दसरा कवा काढायचा? तर म्हनती, न्हाई काढला तर काय हुतंय. लाँड्रीला टाका म्हनती. लाँड्रीला! ती!" "डाक्टरनं गुडघा बदलला, ते कळलं. आतनं आनखी काय काढून घेतलंय का, तेवढं इचारून येतीस का त्येला?"

मला हसू आलं, आणि त्यांचा चेहरा बघून ते गेलंही. माणूस घाबरला होता. सरहद्दीवर घाबरला असेल नसेल, इथे घाबरला होता.

पुढचे दोन-तीन दिवस काकांनी मावशींना भांडायला लावण्यासाठी जे जे केलं, ते मी वरच्या खिडकीतून पाहिलं. आधी त्यांनी मावशींचं लुगडं उचललं, वाटण्या मोडून स्वतःच्या पहिल्या टबात, म्हणजे काळ्या पाण्यात, बुडवलं, आणि मावशींच्या डोळ्यांदेखत रोलरमधून काढलं. मावशी म्हणाल्या, "बरं केलंत. माझ्यानं झालं नसतं." मग त्यांनी ते लुगडं स्वतःच्या तारेवर सदऱ्यांच्या रांगेत टाकलं. मावशी गप्प. शेवटी काकांनी त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप केलं. तिसऱ्या टबातलं स्वच्छ पाणी, उद्याचं दुसरं पाणी, दोन्ही हातांनी उचलून सरळ गटारीत ओतलं. मोठ्याने खाकरून ओतलं. आणि बायकोकडे बघत उभे राहिले.

मावशींनी मानसुद्धा वळवली नाही. रिकामा टब हातात घेऊन काका पायरीवर बसले. मला खिडकीतून बाजूला व्हावंसं वाटलं, आणि मी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पोचा हॉर्न. खाली आले तर काकांनी सगळ्या वाकळा भरून ठेवलेल्या. खाकी अर्धी चड्डी, बनियन, गळ्यात पंचा. टेम्पोत वाकळांशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची, आणि खुर्चीशेजारी दोरखंडाने बांधलेला रोलर.

"हे कशाला घेतलंय?" मी विचारलं.

"पल्टन हत्यार सोडून जाती व्हय? चल, बस. तूबी."

मावशी नको नको म्हणत होत्या. मला काय करायचंय तिथं जाऊन, नुसतं बसून काय बघू, तुमाला काय जमनार. काकांनी ऐकलं नाही. "ऑर्डर हाय," म्हणाले, आणि शेजारच्या दोन बायकांच्या मदतीने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. पलूस येईपर्यंत मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. दोन्ही बाजूंनी ऊस, आणि आत एक अक्षर नाही.

घाटावर त्या दिवशी बायकांची गर्दी. मावशींची खुर्ची वरच्या पायरीवर मांडली. काकांनी रोलर टेम्पोच्या मागच्या फळीला आवळून बसवला आणि पहिली वाकळ घेऊन पाण्यात उतरले, म्हणजे घोट्यापर्यंत. तिथेच थांबले. एवढं पाणी समोर आणि यांनी कवठे महांकाळच्या सवयीने वाकळेचा फक्त एक कोपरा बुडवला. घाटावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "सुभेदार, नदी सरकारी हाय, बुडवा की!" एक म्हणाली. मी चोरून मावशींकडे बघितलं. त्या पलीकडचा काठ बघत होत्या.

काकांनी साबण लावला तो अर्ध्या वाकळेला. बडवायला घेतलं तर धोपटणं हातातून निसटून वाहत निघालं, ते एका पोहणाऱ्या माणसाने आणून दिलं. मग ती ओलीचिंब वाकळ छातीशी धरून ते पायऱ्या चढले, ओठ घट्ट मिटून, आणि तिचं टोक रोलरमध्ये सारलं. वीतभर आत गेली. हँडल अडकलं. काकांनी जोर लावला. टेम्पोची फळी कुरकुरली, ड्रायव्हर ओरडला, आणि लाटण्यांत वाकळ अशी बसली की ना पुढे ना मागे. एकटा गडी वाकळसुद्धा पिळतो, हे मी कितीदा ऐकलं होतं. खरं तर तो रोलर सदऱ्या-चादरींचा होता. वाकळ त्याने त्या दिवसापर्यंत बघितलीही नव्हती.

स्क्रू सोडून वाकळ बाहेर काढली आणि पुन्हा खालच्या पायरीवर आणली. ती हिरव्या इरकलीचीच होती. "धर तिकडनं," काका मला म्हणाले. मी टोक धरलं, शिकवल्याप्रमाणे उजवीकडे पिळायला लागले. काकांनी डावीकडे पिळलं. वाकळ आमच्यामध्ये गोल गोल फिरायला लागली, अंगाला तेल लावून घेणाऱ्या पैलवानासारखी मजेत.

"काका, उजवीकडे."

"माझा हात असाच फिरतो."

"अहो, मग पीळ बसत नाही."

"बसल. जोर लाव."

आम्ही जोर लावला. वाकळ जोरात फिरली. पाण्याचा एक थेंब पडला असेल तर शपथ.

"आवं!"

वरच्या पायरीवरून आलेला तो शब्द अजून माझ्या कानात आहे. सगळा घाट वळून बघायला लागला.

"आवं, काय चाललंय? माझ्या आईचं लुगडं हाय ते, रहाटाचा दोर न्हवं! उलटं पिळतायसा! आन् साबण कुनी लावला असला, निम्म्याला? निम्मी वाकळ काय पुढच्या वर्साला धुनार? सरा, सरा तिकडं. मेलं ते टेम्पोला बांधलंय, रसवंतीवाला लागून गेलाय मोठा. धोपटणं सोडलं नदीत! बाई गं, नदीत सोडलं!"

बोलत बोलत त्या उठल्या होत्या. काठी खुर्चीपाशीच राहिली. भिंत धरून एकेक पायरी उतरत होत्या, आणि मी धावले त्यांना धरायला. माझ्या हातातलं वाकळेचं टोक त्यांनी हिसकून घेतलं. मी मागून त्यांच्या दोन्ही कोपरांखाली हात घालून उभी राहिले. डोळे त्यांच्या गुडघ्यावर. तो नवा गुडघा या ओल्या पायरीवर काय करतो, याशिवाय मला काही दिसत नव्हतं. वर दोघांचं चाललेलं होतं, असं धरा, तसं न्हाई, माझा हात हाय का तुझा हाय. आणि मग पायांवर गार पाणी आलं. वर बघितलं तर वाकळेचा दोरखंड झाला होता, आणि हिरव्या इरकलीतून पाणी धो धो पडत होतं.

परत येताना ड्रायव्हरने रेडिओ लावायचा प्रयत्न केला, पण त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार? पुढे बसून मावशी बोलत होत्या आणि मागून, वाकळांच्या ढिगावरून, काका उत्तर देत होते. लग्नात तुमच्या लोकांनी नवरीला पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं, तिथपासून सुरुवात झाली होती. मध्येच काकांनी गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"काका," मी हळूच विचारलं, "तुम्ही मुद्दाम उलटं पिळलंत ना?"

"उलटं कुठं?" ते म्हणाले. "माझं बरोबरच हुतं. तिचं उलटं हाय."

त्या वर्षी घट बसला, पाच वाकळा तारेवर आणि पाच दोरीवर वाळवून. त्यानंतर दरवर्षी दोघं मिळून घाटावर जायला लागली. "तेस्नी सरळ केलं मी," मावशी सगळ्यांना सांगायच्या. "ती वळणावर आली," काका सांगायचे. रोलर घरीच राहायचा. मी पुढे लग्न होऊन साताऱ्याला आले, कपडे मशीनमध्ये टाकून गाणं वाजायची वाट बघायला लागले. घट जवळ आले की मात्र फोन करायचे. दसरा निघाला का विचारलं, की फोन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचा आणि दोघंही माझ्याशी न बोलता एकमेकांशीच बोलायची. मी इकडे ऐकत बसायचे. बरं वाटायचं.

गेल्या वर्षी काका गेले. फार त्रास न होता, दुपारच्या झोपेत. तारेवर सदरे वाळत होते, ते संध्याकाळी साताऱ्याहून पोचल्यावर मीच काढले.

या वर्षी घटांच्या आधी मावशींचाच फोन आला. "येतीस का गं? दसरा काढायचाय. शेजारच्या दोघी आल्या हुत्या परवा, माझ्यासंगं टोक धरलं, तर एक वाकळ धड पिळली न्हाई. आजकालच्या बायांच्या हातात जोरच न्हाई. नुसती फिरती वाकळ."

मी सुट्टी टाकून गेले. परसात रोलर होता, हँडलला तेल घातलेलं. तेल कुणी घातलं, ते मी विचारलं नाही. टेम्पो सांगितला, वाकळा भरल्या, घाटावर गेलो. धुण्याचं सगळं मी केलं. मावशी पायरीवर उभ्या राहून चुका काढत होत्या. शेवटी हिरवी इरकली धुतली, आणि तिचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं.

मी उजवीकडे पिळायला लागले. वाकळ फिरायला लागली. मी जोर लावला, तर आणखी जोरात फिरली.

"बघ," मावशी म्हणाल्या, "तुझ्यातबी जोर राहिला न्हाई."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. त्यांचे हात डावीकडे फिरत होते.

"मावशी," मी म्हणाले, "तुम्ही डावीकडे पिळताय."

"मी? छट." त्यांनी हात थांबवले. खाली बघितलं. पुन्हा थोडे फिरवून बघितले, आणि ते पुन्हा डावीकडेच गेले.

"तेंचा खांदा," त्या हळू म्हणाल्या. "उजवीकडं वळायचाच न्हाई. कळ यायची, पर सांगतंय कोन? मग त्या दिशी मीच वळले. वळले ती वळलेच, बघ."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि लगेच हसूही आलं. मलाही दोन्ही आलं.

"मग आता उजवीकडे पिळा," मी म्हणाले. "तुम्हीच शिकवलं होतंत मला."

"न्हाई," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी टोक घट्ट धरलं. "आता माझं न्हाई बदलायचं. तू डावीकडं पीळ."

मी डावीकडे पिळलं.